लडाखात बसायचे दिवस

लेहच्या विमानतळावर सरकत्या पट्ट्यापाशी बॅगेची वाट बघत असतानाच हुकूम कानावर पडतो : पहिले दोन दिवस विश्रांती घ्या, धावपळ करू नका, पाणी पीत राहा. साडेअकरा हजार फुटांवर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानानं जेमतेम दोन-तृतीयांश. दिल्लीहून सव्वा तासात इथे आणून टाकलेल्या शरीराला हा हिशेब जुळवायला वेळ लागतो. उन्हाळ्यात येणारे पर्यटक ही सूचना ऐकून न ऐकल्यासारखी करतात. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गाड्या खार्दुंग-लाच्या चढाला लागलेल्या असतात. जानेवारीत मात्र ती निमूट पाळली जाते, कारण दुसरं काही करण्याजोगं शिल्लकच नसतं. बहुतेक हॉटेलं बंद, निम्मी दुकानं बंद, नळ गोठलेले. मी हिवाळाच बघायला आले होते, त्यामुळे माझी काही तक्रार नव्हती.

चांगस्पा भागात ज्या घरी उतरले, तिथल्या बाईंना सगळे आमा-ले म्हणत, म्हणून मीही तेच म्हणू लागले. लडाखात परक्यालाही नात्यानंच हाक मारतात. आईच्या वयाची ती आमा-ले, बापाच्या वयाचा तो आबा-ले, थोरला भाऊ आचो-ले, आजोबा मेमे-ले. आपल्याकडेही दुकानदाराला काका आणि शेजारणीला मावशी म्हणतात. पण आपलं ते तोंडदेखलं बरंचसं. इथे काकू म्हटलं की काकूची सगळी सत्ता तिच्या हातात जाते. आमा-लेंनी माझ्या हातातली बॅग काढून घेतली, मला काचेच्या खोलीत नेऊन बसवलं आणि संध्याकाळपर्यंत तिथून उठू दिलं नाही.

ही काचेची खोली आता लेहमधल्या पुष्कळ घरांना असते. तोंड दक्षिणेला, भिंतींच्या जागी काचा, जमिनीवर जाड गालिचे, पुढ्यात कोरीव कामाचे बुटके चौरंग. बाहेर सावलीत पारा शून्याच्या खाली दहा अंश आणि आत मला स्वेटर काढून ठेवावा लागला. लडाखात वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून शंभर मिलिमीटरच्या आसपास पडतं. पुण्यात एखाद्या चांगल्या जुलैत दोन दिवसांत तेवढं होतं. त्यामुळे आभाळ बहुतेक निरभ्र आणि ऊन सढळ. घरातली माणसं त्या उन्हाबरोबर सरकत राहतात. सकाळी पूर्वेच्या खिडकीशी, दुपारी इथे, आणि सूर्य डोंगराआड गेला की सगळं घर एका खोलीत बुखारीभोवती, म्हणजे शेगडीभोवती. बाकीच्या खोल्या हिवाळाभर बंद. मोठं थोरलं दुमजली घर, आणि आजीपासून नातवापर्यंत सगळे एका खोलीत. त्या घरात कुणाला ‘जरा एकटं राहायचंय’ असं वाटत असेल तर ते एप्रिलपर्यंत लांबणीवर टाकावं लागतं.

बसल्या बसल्या माझ्या मनात आपल्या थंडीचा विचार आला. आपल्याकडे थंडी पडली की माणूस कामाला लागतो. पहाटे टेकडीवर गर्दी, डिंकाचे लाडू, लग्नसराई, हुरडा पार्ट्या, संगीत महोत्सव, मॅरेथॉन. ऊसतोड कामगारांचे तांडे याच दिवसांत फडात उतरतात. आयुर्वेदही सांगतो की हेमंतात जठराग्नी प्रखर असतो, खा आणि व्यायाम करा. माझं माहेर दिंडोरीकडचं. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत द्राक्षाच्या घडांमागे माणसांची इतकी धांदल असते की घरात आजारी पडायलासुद्धा कुणाला परवानगी नसते. थंडीत उशिरा उठणारा माणूस आमच्या घरी आळशी ठरत असे. अशा संस्कारांची बाई काचेच्या खोलीत दिवसभर नुसती बसते, तेव्हा तिला तासातासाला उगाचच अपराधी वाटतं. हे लडाखला कळत नाही, आणि मी कुणाला सांगायलाही गेले नाही.

तिसऱ्या दिवशी बाजारात गेले. उन्हाळ्यात काश्मिरी शाली आणि तिबेटी दागिने विकणाऱ्यांची इथे रांग असते, त्यांतले पुष्कळजण थंडीत आपापल्या गावी जातात. उरतो तो खरा लेहचा बाजार. फुटपाथवर उन्हाची पट्टी जिथे पडते तिथे म्हाताऱ्या बायका ओळीनं बसलेल्या, पुढ्यात वाळलेली जर्दाळू, अक्रोड, छुरपे म्हणजे वाळवलेल्या चीजचे खडे, मातीनं माखलेले सलगम. ऊन सरकलं की बायकाही टोपल्यांसकट सरकतात. जामा मशिदीच्या मागच्या गल्लीत तंदूर लावून बसलेले रोटीवाले. तिथे मात्र हिवाळ्याचा पत्ता नाही. पहाटेपासून भट्टी पेटलेली आणि माणसं फडकी घेऊन उभी. रांगेत बौद्ध, मुसलमान, फौजी, सगळे. भट्टीची ऊब मिळते म्हणून रांग संपू नये असं प्रत्येकाला वाटत असावं, कारण पुढे सरकायची घाई कुणालाच नव्हती.

एका उघड्या दुकानाच्या पायरीवर मालक ऊन खात बसला होता. हिवाळ्यात काय करता, असं मी हिंदीत विचारलं.

“बैठते हैं,” तो म्हणाला. मी पुढचं वाक्य येईल म्हणून थांबले. ते आलं नाही.

लडाखचं शेतीचं गणित कळलं की या उत्तरात ओशाळण्यासारखं काही का नाही, ते समजतं. पीक वर्षातून एकच. एप्रिल-मेमध्ये पेरणी, सप्टेंबरमध्ये कापणी. सातू, थोडा गहू, वाटाणा. पाण्यासाठी हिमनद्यांवर भिस्त; कोणाच्या शेताला कधी पाणी द्यायचं ते ठरवायला गावोगावी चुरपोन नेमलेला असतो. त्या चार-पाच महिन्यांत माणूस उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राबतो. मग जमीन दगडासारखी गोठते. नांगर चालत नाही, कुदळ चालत नाही, आणि हातापाया पडूनही सातू उगवत नाही. मग लग्नं, सण, भेटीगाठी, विणकाम, कथा. इथल्या बहुतेक गोम्पांचे, म्हणजे मठांचे, उत्सव थंडीत येतात ते यामुळेच. पर्यटकांना माहीत असलेला हेमिसचा उत्सव उन्हाळ्यात होतो, तो अपवाद.

सुदैवानं स्पितुकचा गुस्तोर हा उत्सव त्याच आठवड्यात होता. विमानतळाला लागूनच असलेल्या टेकडीवर हा गेलुग पंथाचा जुना गोम्पा आहे. सकाळी दहाला पोचले तर गच्च्या, जिने, कठडे माणसांनी भरलेले. गावोगावहून लोक ठेवणीतले गोंचे घालून आले होते, बायकांच्या पाठीवर मेंढीच्या कातड्याच्या शाली. प्रत्येक कुटुंबाकडे थर्मास आणि खंबीर रोट्यांचं पुडकं. मुखवटे घातलेले लामा अंगणात नाचत होते. नाचत होते म्हणजे एक पाय उचलून तो टेकवण्यात एवढा वेळ घेत होते, की त्या अवधीत माझ्या शेजारणीनं कपात चहा ओतला, थंड केला आणि पिऊन संपवला. सुरुवातीची पंधरा मिनिटं मी घड्याळ बघत होते. नंतर हाताची बोटं मोज्यात इतकी आखडली की मनगट वर करून घड्याळ बघणं परवडेना. मग नाच दिसायला लागला. ढोलाचा ठोका आणि पाऊल यांच्यामध्ये जी पोकळी होती, तिच्यात सगळा जमाव आरामात बसलेला होता. पोरं बर्फाच्या ढेकळांनी खेळत होती, म्हातारे माळ ओढत होते, मध्येच कोणी हसत होतं. गंभीर चेहरा करून बसलेली मी एकटीच.

वरच्या देवळात ज्या देवतांचे चेहरे वर्षभर वस्त्रानं झाकलेले असतात, ते याच दिवसांत उघडतात. फौजेतले लोक या देवळाला काली माता म्हणतात. रांगेत माझ्यामागे साताऱ्याकडचा एक जवान होता. मराठी ऐकून त्याचा चेहरा खुलला. त्याची थंडी माझ्यापेक्षा फार वरच्या चौकीवर गेली होती. “ताई, इथं लोक बसत्यात, आम्ही उभं ऱ्हातो,” एवढंच तो म्हणाला. थंडीतल्या विश्रांतीचं कौतुक करताना हे वाक्य विसरून चालणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवलं.

लेहहून पश्चिमेला निघालं की रस्ता सिंधूच्या काठाकाठानं जातो. फ्यांगच्या फाट्यावर आत वळलो, ते हिमस्तूपांचं नाव ऐकून होते म्हणून. इथे खरी अडचण आहे ती एप्रिल-मेची. पेरणीला पाणी हवं असतं आणि वरच्या हिमनद्या जूनखेरीज वितळायला लागत नाहीत. उलट हिवाळाभर ओढ्यांचं पाणी कुणाच्या उपयोगी न पडता वाहून जातं. चेवांग नोरफेल या सरकारी अभियंत्यांच्या हे लक्षात आलं. थंडीत नळ फुटू नये म्हणून तो वाहता सोडतात. त्या पाण्याचा झाडाच्या सावलीत गोठलेला थर त्यांनी पाहिला आणि डोक्यात कल्पना आली. १९८७ साली त्यांनी फुकत्से गावाजवळ पहिली कृत्रिम हिमनदी केली. ओढ्याचं पाणी सावलीच्या उतारावर वळवायचं, दगडी बांध घालून त्याचा वेग मोडायचा आणि थरावर थर गोठू द्यायचे. गावाजवळ, कमी उंचीवर असल्यानं हे बर्फ आधी वितळतं, नेमकं पेरणीच्या वेळी. २०१५मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सोनम वांगचुक यांनी त्याच विचाराला उभा आकार दिला. उंचावरून नळानं आणलेलं पाणी आपल्याच दाबानं कारंज्यासारखं वर उडतं, रात्रीच्या थंडीत गोठत गोठत त्याचा शंकू होतो. शंकूला ऊन लागायला पृष्ठभाग कमी, म्हणून तो उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत टिकतो. त्याचा पहिला मोठा प्रयोग फ्यांगलाच झाला. पंप नाही, वीज नाही. रात्री थंडी पडते आणि पाणी आपोआप साठतं. त्या रात्री गावात कोणी जागत असेल तर तो नळात बर्फ अडकलं की काय एवढं बघायला.

निम्मूला सिंधू आणि झांस्कर यांचा संगम वरूनच पाहिला. वारा इतका, की खाली उतरायची हिंमत झाली नाही. पुढे अल्चीलाही गेले. तिथल्या सुमत्सेकच्या भिंतींवरची चित्रं आणि बोधिसत्त्वाच्या धोतरावर रंगवलेलं अख्खं जग यांबद्दल जाणकारांनी भरपूर लिहिलं आहे. मी एवढंच सांगेन की किल्ली ज्या लामांकडे होती त्यांना शोधायला एक मुलगा धावला, लामा चहा पिऊन सावकाश आले, आणि त्या अंधाऱ्या खोलीत घाई करणारा कोणीही नसताना मला हवं तेवढं उभं राहता आलं. जूनमध्ये तिथे मागून रांग ढकलत असते.

मुक्काम होता सास्पोलजवळच्या एका गावात, ओळखीच्या ओळखीनं मिळालेल्या घरी. लडाखी घराची रचना हिवाळ्याला समोर ठेवूनच झालेली आहे. तळमजल्यावर गुरं, त्यांची ऊब वर येते. छपरावर वाळवलेला लसूणघास, विलोच्या काटक्या आणि शेणाच्या गोवऱ्या यांची भिंतच रचलेली. जसजसा हिवाळा सरतो तसतशी ती उतरत जाते. माणसं राहतात स्वयंपाकघरात. भिंतभर फळ्या, त्यांवर घासून लख्ख केलेली तांब्या-पितळेची भांडी, मध्ये भला मोठा लोखंडी चुलखंड. सगळ्यांत वयस्कर माणूस चुलीच्या सर्वांत जवळ, मग वयानुसार ओळ. मला वरच्या जागेवर बसायचा आग्रह झाला, मी नको म्हटलं, पुन्हा आग्रह, पुन्हा नको. लडाखात हा खेळ नीट खेळावा लागतो. पहिल्या आग्रहाला मान देणारा माणूस अधाशी दिसतो. चहाचंही तसंच. कप हातानं झाकायचा, नको नको म्हणायचं आणि मग घ्यायचा. पुण्यात राहून माझी ही सवय मोडली होती. आमच्याकडे पाहुण्यानं एकदा नको म्हटलं की विषय संपतो आणि दूध वाचतं.

लोणी आणि मीठ घातलेला गुरगुर चहा बहुतेक मराठी माणसांना आवडत नाही, कारण ते त्याला चहा समजून पितात. सार समजून प्यावा, म्हणजे तिसऱ्या कपाला तो हवासा वाटतो. कप मात्र रिकामा होऊ देत नाहीत. एक घोट घेतला की या घरच्या आमा-लेंचा हात किटलीकडे गेलाच.

संध्याकाळी स्क्यू करायचा घाट. कणीक घट्ट मळायची, बोराएवढे गोळे तोडायचे, तळहातावर ठेवून अंगठ्यानं दाबून त्यांना खळगा पाडायचा, आणि सलगम, बटाटा, गाजर यांच्या रश्श्यात सोडायचे. आपल्या वरणफळांचं थंडीतलं भावंडच. या कामाला घरातली सगळी माणसं बसतात, पुरुष आणि मुलंसुद्धा. कोणाचा खळगा खोल, कोणाचा उथळ, कोणाचा गोळा कच्चा राहील यावर चर्चा चालते. सगळी मिळून अर्ध्या तासाचं काम दीड तास पुरवतात. भाज्या अंगणातल्या खड्ड्यातून आलेल्या. ऑक्टोबरमध्ये जमिनीत खोल खड्डा करून त्यात कंदमुळं ठेवतात, वर गवत आणि माती. वरची जमीन गोठते, खालची गोठत नाही. सून खाली वाकून सलगम काढत होती, तेव्हा खड्ड्याच्या तोंडातून ओल्या मातीचा वास आला; इथे येऊन इतक्या दिवसांत वास असा तोच पहिला. पालेभाज्या सप्टेंबरमध्येच उन्हात वाळवून पोत्यात भरलेल्या. हिरवं असं पानही नाही. झोजिला खिंड बंद झाली की ताजी भाजी येते ती विमानानं, आणि तिचे भाव ऐकूनच पोट भरतं.

या घरचे मेमे-ले चुलीशेजारी बसून टकळीवर बकरीचे केस कातत होते. लोकर कातायची ती बायकांनी, बकरी आणि याकचे राठ केस पुरुषांनी, अशी इथली जुनी वाटणी आहे. मला बघून त्यांनी एक टकळी माझ्याकडेही सरकवली. शाळेत आम्हाला सूतकताई होती, त्या भरवशावर मी घेतली. धागा तुटला. जोडला, पुन्हा तुटला. मेमे-ले काहीही न बोलता दर वेळी तो जोडून देत. नातवाला मी विचारलं, यांना शिकायला किती दिवस लागले? त्यानं आजोबांना विचारलं, आजोबा विचारात पडले आणि त्यांनी तीन बोटं वर केली. तीन हिवाळे. म्हणजे एका हिवाळ्यात जेवढं येईल तेवढं. मग मे महिन्यात टकळी खुंटीला, आणि पुन्हा नोव्हेंबरात जिथे सोडलं तिथून पुढे. मध्ये विसरत नाही का? नाही, म्हणे, उलट पुढच्या वर्षी हात थोडा अधिक बरा वळतो. हा अनुभव पोहायला किंवा तबला शिकलेल्या कुणालाही पटेल. मधल्या काळात शिकणं थांबलेलं नसतं, फक्त आपण त्याच्या मानगुटीवर बसलेलो नसतो. माझा धागा निघायच्या दिवशी वीतभर न तुटता आला. गाठी होत्या. मेमे-लेंनी तो दातानं तोडून आपल्या गुंडीला जोडला. कौतुक म्हणून की केस वाया जाऊ नयेत म्हणून, ते कळलं नाही.

फळीवर कणकेच्या रानबोकडांच्या लहान लहान मूर्ती ओळीनं ठेवलेल्या होत्या, डिसेंबरातल्या लोसारच्या. तिबेटी नववर्ष फेब्रुवारीच्या आसपास येतं, लडाखी मात्र दोन महिने आधीच उरकतात. त्याची कथा अशी सांगतात, की चारशे वर्षांपूर्वी राजा जमयांग नामग्याल बाल्टिस्तानवर स्वारीला निघणार होता आणि सण होईपर्यंत थांबायला तयार नव्हता. सण अलीकडे ओढला. राजा स्वारीत हरला, कैदेत पडला, शत्रूचीच मुलगी करून परत आला. सण तसाच राहिला. थंडीच्या ऐन मध्यावर एक सण मिळाल्यावर तो परत कोण देणार?

रात्री मेमे-ले केसरच्या कथेतला एक तुकडा सांगत. लिंग देशाचा वीर राजा केसर, त्याच्या लढाया, कपट, जादू. ही कथा उन्हाळ्यात सांगू नये असा जुना संकेत आहे. तिचा एवढा मोठा पसारा आहे की ती सबंध हिवाळा पुरते. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रांके या जर्मन मिशनऱ्यानं खालच्या लडाखातली आवृत्ती लिहून घेतली तेव्हा तिचाच ग्रंथ झाला. मेमे-लेंना आता सगळी येत नाही. ऐन रंगात आल्यावर ते थांबत आणि टकळी खाली ठेवत. उरलेलं उद्या. नातू मोबाइलमधून डोकं वर काढून चिडत असे.

आपल्याकडे कहाण्या श्रावणात, पोथ्या चातुर्मासात. कारण उघड आहे : चिखलात वाटा बंद. बुद्धाच्या भिक्षूंनी पावसाळ्यात तीन महिने हिंडणं थांबवून एका जागी राहावं हा वर्षावासाचा नियम त्यातूनच आला, आणि भाजे, कार्ले, कान्हेरीची लेणी त्या मुक्कामांसाठीच डोंगरात खोदली गेली. म्हणजे ऋतूनं दार लावलं की आत बसावं, ही गोष्ट सह्याद्रीलाही ठाऊक होती. आमचं दार डांबरी रस्त्यांनी उघडं केलं. आता जुलैत घाट कोसळला तरी ऑफिस ऑनलाइन चालू राहतं.

पण एक गोष्ट बजावून सांगायला हवी, नाहीतर हे सगळं कॅलेंडरवरच्या चित्रासारखं होईल. विश्रांती सगळ्यांमध्ये सारखी वाटलेली नाही. पहाटे उठून बुखारी पेटवणारी सून होती. ओढ्यावरचं बर्फ फोडून जेरीकॅन भरून चढावर आणणारी तीच, गुरांना घास घालणारी तीच, कोरड्या संडासात माती आणि राख टाकण्याचं लक्ष ठेवणारीही तीच. मी तिला म्हटलं, तुमचा तर हिवाळा कामातच जातो. ती हसून म्हणाली, “उन्हाळ्यात हे सगळं असतंच, शिवाय शेत असतं.” तिच्या लेखी तो आरामच होता, आणि तिच्या शब्दावर माझा शब्द ठेवायचा मला अधिकार नाही. तिचा नवरा उन्हाळ्यात टॅक्सी चालवतो. पर्यटनानं लडाखी उन्हाळ्यावर दुसरा उन्हाळा रचला आहे : शेत सांभाळायचं आणि पाहुणेही. सहा महिन्यांत वर्षाची कमाई करायची म्हणून तो सोळा-सोळा तास गाडी हाकतो. थंडीत तो बुखारीजवळ आडवा होतो तो नुसता झोपतो. पैसे जमलेले शेजारी थंडीत बोधगयेला जातात. आता हिवाळाच सुट्टीचा झालाय, असं मेमे-ले कुरकुरले. जुन्या दिवसांत सगळा गाव घरात असायचा.

निघायच्या आदल्या दिवशी आबा-ले, म्हणजे घरचे यजमान, मला जर्दाळूच्या बागेत घेऊन गेले. पांढऱ्या बियांच्या ‘रक्तसे कार्पो’ या इथल्या जर्दाळूला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि त्यांना त्याचा फार अभिमान. झाडं मात्र अगदी वाळकं सरपण दिसत होती. त्यांनी मोजा काढला आणि नखानं एका कोवळ्या फांदीची साल जराशी खरवडली. आत हिरवा, ओलसर धागा. मग फांदीवरचे डोळे दाखवले, तपकिरी खवल्यांनी घट्ट बंद. हे डोळे आताचे नाहीत, गेल्या उन्हाळ्यात फळं उतरत असतानाच बनलेले. पुढच्या एप्रिलचं फूल त्यात आताच घडी घालून ठेवलेलं आहे.

जर्दाळू, सफरचंद अशा झाडांना ठरावीक तास थंडी मिळाल्याशिवाय डोळा फुटतच नाही. मध्येच चार दिवस ऊब आली म्हणून ते उठत नाहीत. उठले तर पुढच्या रात्रीच्या थंडीत फूल करपून जाईल. आणि थंडीचा वाटा पुरा झाला तरी लगेच जागं होत नाहीत, खरा उबारा येईपर्यंत थांबतात. मला आमची बाग आठवली. द्राक्षवेल मूळची थंड प्रदेशातली, थंडीत झोपणारी. नाशिकच्या हवेत तिला ती झोप मिळत नाही. म्हणून आम्ही वर्षातून दोनदा छाटतो, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीवर हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतो. रसायन लावून उठवायचं. मोसमाअखेर घड उतरले की बागेला जेमतेम काही आठवड्यांचा विसावा. माझे वडील त्या विसाव्यात कुणाला बागेत फिरकू देत नसत. ते म्हणायचे, आता तिला काही मागू नका. मी हे आबा-लेंना सांगितलं. वर्षातून दोनदा छाटता, हे ऐकून त्यांनी ‘अरेरे’ अशा अर्थाचा काहीतरी आवाज काढला. वेलीबद्दल की आमच्याबद्दल, मी विचारलं नाही.

लेहला परतले त्या संध्याकाळी कारझूच्या तळ्यावर गर्दी होती. उन्हाळ्यात इथे पाणी असतं. थंडीत ते गोठवून आइस हॉकीचं मैदान होतं. शाळांना डिसेंबरपासून सुट्टी, त्यामुळे पोरं दिवसभर बर्फावर. मुलींचे संघ जोरात. २०१७ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारतीय महिला संघानं आपला पहिला आंतरराष्ट्रीय सामना जिंकला, तेव्हा त्यात बहुतेक मुली लडाखच्याच होत्या. त्यांचा सराव याच नैसर्गिक बर्फावर, वर्षातून जेमतेम दोन महिने. एक सात-आठ वर्षांची मुलगी खुर्ची पुढे ढकलत स्केट शिकत होती. धडाधड पडत होती. कठड्यावरची तिची आजी फ्लास्क घेऊन निवांत बसली होती, उठवायला जात नव्हती. मी काळजीनं काहीतरी बोलले, तर आजी म्हणाली, पुढच्या थंडीत खुर्ची सुटेल.

जानेवारीत लडाखला जायचं तर जरूर जा, पण बघायच्या जागांची यादी करू नका. निम्म्या जागी कुलूप असेल आणि उरलेल्या निम्म्या ठिकाणी किल्लीवाला चहा पीत असेल. हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि दिल्लीहून निघताना बॅगेत दोन-तीन किलो हिरवी भाजी टाका. पालक, मेथी, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, मिळेल ते. लडाखी घरात भर थंडीत कोथिंबिरीच्या जुडीचं जे स्वागत होतं, ते चितळ्यांच्या बाकरवडीचंही होत नाही. मी दोन्ही नेलं होतं.